लॉनला टाटा, माळाला हाय!

पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षं ऑफिसात घासली, की मराठवाड्यातल्या पोरापोरींचं एक स्वप्न ठरलेलं... गावाकडे टुमदार बंगला आणि पुढ्यात हिरवंगार लॉन! फोटोत भन्नाट दिसतं, मान्य. पण बॉस, गाव धाराशिव जिल्ह्यात असेल तर आधी जरा हिशेब करू या.

ऐन उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं, तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे ९३ चौरस मीटर. झाले रोजचे साडेचारशे लिटर! 'जलजीवन मिशन'ने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे तुमचं लॉन एकटं आठ माणसांचं पाणी पिणार. आणि टंचाईत ही आठ माणसं कुठे असतात? तुमच्याच कंपाउंडबाहेर, टँकरपुढे घागरी घेऊन.

आठवतोय २०१६चा एप्रिल? शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. फायनल मुंबईऐवजी बंगळुरूला झाली. भांडण होतं ते मैदानावर मारल्या जाणाऱ्या पाण्याचं!

कमी पाण्याच्या बागेचा फंडा तसा नवा नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या पाणीखात्याने १९८१मध्ये त्याला 'झेरिस्केप' असं नाव दिलं. नेवाडा राज्याने तर २०२१मध्ये कायदा करून लास वेगास परिसरातल्या ऑफिसांपुढचं, रस्त्याकडेचं नुसतं शोभेचं गवत काढून टाकायचं ठरवलं. पण तिथली बाग जशीच्या तशी इथे आणलीत, की फसलात. धाराशिव म्हणजे वाळवंट नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, पण आला की चार महिन्यांत येतो. काळ्या मातीत पाणी धरून राहतं आणि हौसेने आणलेले निवडुंग मुळातून सडतात. सगळीकडे नुसती काळी खडी पसरलीत, तर उन्हाळ्यात घराचा तवा होतो.

मग मॉडेल कुठे बघायचं? सोलापूरहून नळदुर्गकडे किंवा तुळजापूरकडे गाडी काढा आणि दोन्ही बाजूंचा माळ बघा. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर पावसाळ्यात हिरवी लाट, दिवाळीनंतर सोनेरी. पवन्या, कुसळी, मारवेल... या गवतांना कोणी पाणी घालत नाही. मधूनच तरवडाची पिवळीधमक झुडपं. नवरात्रात घटाला याच फुलांची माळ चढते. जनावरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्यात हा प्लस पॉइंट छोटा नाही हं!

नळदुर्गचा किल्ला आणखी एक धडा देतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाणी आधी अडवायचं, मग त्याची मजा घ्यायची. आपल्या बागेतही क्रम हाच हवा.

तर करायचं काय? एप्रिलमध्ये लॉनचं पाणी तोडा. जमीन एकदा ओली करून वर प्लॅस्टिक अंथरा. पाच-सहा आठवड्यांच्या उन्हात गवत जळून जातं. हरळी मात्र चिवट, ती खणूनच काढावी लागते. (गंमत बघा, शेतकरी जी हरळी काढता काढता मेटाकुटीला येतो, तीच 'बर्म्युडा ग्रास' म्हणून जगभर लॉनला लावतात. गणपतीपुरता एक वाफा ठेवा की!) छपराचं पाणी बागेतल्या खड्ड्यात वळवा. कोरफडीसाठी मुरूम-वाळूचा उंचवटा करा. पश्चिमेला कडुनिंब, कोपऱ्यात आपटा, कुंपणाला बोगनवेल, बाकी तरवड आणि गवतं. लागवड जूनमध्ये, चांगले दोन पाऊस झाल्यावर. पहिलं वर्ष पाणी द्यावंच लागेल. मुळं खोल गेली की गरज झपाट्याने कमी होते.

एक मात्र आधीच सांगते. ही बाग बारा महिने हिरवी राहणार नाही. मार्चमध्ये पिवळी पडेल. पाहुणे विचारतील, "बाग वाळली का हो?" तेव्हा त्यांना बाहेरचा माळ दाखवायचा. तोही असाच दिसत असेल, आणि पहिल्या पावसानंतर दोन्ही एकदमच हिरवे होतील.

कसं जाल? : मुंबईहून रात्रीच्या लातूर एक्सप्रेसने धाराशिव. किंवा सोलापूर गाठून हैदराबाद हायवेने नळदुर्ग, सुमारे ४५ किलोमीटर. भरपूर पाऊस झाला असेल तर किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघा. सोनेरी माळ बघायचा असेल तर दिवाळीनंतरचा वीकेंड पकडा. आणि येताना नर्सरीत थांबलात, तर मेक्सिकन गवताचे गालिचे नकोत... तरवड मागा!