कपाळावरची काळी पट्टी

सेनापतींचे पुतळे मला मुळीच मानवत नाहीत. घोडा, तलवार आणि टोपीवर कबुतर. गाव कोणतेही असो, थाट तोच! परंतु मुलीचे बिऱ्हाड स्टॉकहोमला असल्यामुळे एका सेनापतीशी माझा पुतळ्यावाचूनच स्नेह जमला. तिथे फिरायला निघालो की डोबेल्न्सगाटान नावाचा रस्ता लागे. हा डोबेल्न कोण, म्हणून जावईबापूंना विचारले. "असेल कोणी लष्करातला, बाबा," एवढे सांगून ते कचेरीत गेले. मग मीच शोधत बसलो. परदेशात सासऱ्याला दुसरा उद्योग तरी काय असतो!

गेओर्ग कार्ल फॉन डोबेल्न 1758 साली जन्मला. घरच्यांना त्याला पाद्री करायचे होते. हा फ्रेंच पलटणीत शिरला आणि येऊन पोचला कुठे, तर आपल्या कडलूरला! 13 जून 1783 रोजी तिथे इंग्रज-फ्रेंचांची लढाई झाली, तीत तो होता. बरोबर सहा वर्षांनी, 13 जूनलाच, फिनलंडात पोर्रासाल्मीला रशियनांची गोळी त्याच्या कपाळाला लागली. तेव्हापासून जन्मभर कपाळावर काळी रेशमी पट्टी. युटासची लढाई त्याने आजारपणातून उठून जिंकली, तीही 13 सप्टेंबर 1808 ला. तेरा आकडा अशुभ मानणाऱ्यांनी याची कुंडली अवश्य पाहावी.

1809 च्या मार्चमध्ये तो ऑलांड बेटांवर होता. समुद्र गोठलेला, आणि त्या बर्फावरून रशियन फौजा चालून येत होत्या. राजधानीत त्याच सुमारास, पुन्हा 13 तारखेलाच, सरदारांनी राजाला त्याच्याच वाड्यात कैद केले होते. डोबेल्नने आपली माणसे बर्फावरून मागे आणली आणि शत्रूला तहाच्या बोलण्यात गुंतवले. रशियनांची एक तुकडी स्टॉकहोमपासून शंभरएक किलोमीटरवर, ग्रिसलेहाम्नपर्यंत येऊन परत फिरली. शहर वाचले.

पण मला तो आवडतो तो न वाचलेल्या शहरासाठी. 1813 साली हँबर्गवर फ्रेंच फौज चालून आली. तिथल्या लोकांनी स्वीडनकडे मदत मागितली. हातात सैन्य डोबेल्नच्या, आणि युवराज कार्ल योहानचा हुकूम की जागचे हलू नये. युवराजाचेही चूक म्हणवत नाही. त्याला पुढच्या मोठ्या लढाईसाठी फौज राखायची होती. पण दाराशी आलेल्याला "हुकूम नाही" असे सांगणे याला जमले नाही. त्याने काही पलटणी पाठवल्या. त्या परत बोलवाव्या लागल्या, मे महिना सरता सरता हँबर्ग पडले, आणि डोबेल्न लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला. शिक्षा मृत्यूची! पुढे ती कैदेवर आली, आणि कैदखाना कुठला, तर राजधानीच्या जलमार्गावर पहारा करणारा वॅक्सहोमचा किल्ला. काही महिन्यांत माफी मिळाली.

खरी गंमत तर पुढेच आहे. 1816 साली या गृहस्थाला लष्करी वरिष्ठ न्यायालयाचा अध्यक्ष नेमले! हुकूम मोडलेला एखादा तरुण अधिकारी समोर उभा केला जात असेल, आणि वर पाहतो तो न्यायासनावर ती काळी पट्टी. त्या वेळी दोघांपैकी कोणाची नजर आधी खाली जात असेल?

1820 साली स्टॉकहोमातच तो वारला. सेंट योहान्नेसच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. लाल विटांचे आजचे चर्च 1890 चे, म्हणजे त्याच्यापेक्षा पुष्कळ धाकटे. त्याच्या नावाचा रस्ता आवाराला लागूनच जातो. शेजारी शाळा आहे. मधल्या सुट्टीत तिथे हुकूम कोणीच ऐकत नाही.