बाबा, दादा आणि किंग्ज

आधीच सांगून टाकते. हा लेख बास्केटबॉलबद्दल आहे आणि मला बास्केटबॉलमधलं २०१३ पर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. शाळेत पी.टी.च्या तासाला चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेणाऱ्या मुलींपैकी मी एक. तेव्हा ज्यांना खेळात रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. आणि नातेवाईक मंडळी इथे चोरून डोकावतात हे मला ठाऊक आहे, म्हणून हेही सांगते की दादाला विचारून लिहितेय. "लिही, पण आकडे नीट लिही," एवढंच म्हणाला.

तर झालं असं. माझा दादा १९९८ पासून कॅलिफोर्नियात, फॉल्समला. जवळचं मोठं शहर म्हणजे सॅक्रामेंटो. तिथल्या सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाकडे त्याने पंधरा वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं. २०१३ मध्ये विवेक रणदिवे यांच्या पुढाकाराने तो संघ विकत घेतला गेला आणि दादाचा फोन आला. "बाबा, आपला रणदिवे! जुहूला वाढलेला! एनबीएचा संघ घेतलाय त्याने." आता जुहू आणि आमचं मुलुंड यांचं नातं काय, तर दोन्हीकडे महापालिका एकच. पण आडनाव मराठी असलं की आपल्याला उगाच लग्नाची पंगत आपल्या घरची असल्यासारखं वाटतं, तसंच झालं. बाबांनी लगेच दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली.

वहीचं आश्चर्य आम्हाला कुणालाच वाटलं नाही. बाबा एलबीएस रोडवरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. आयुष्यभर गोळ्यांची वजनं, सरासरी, किती नमुने घ्यायचे, कुठली बॅच नापास. घरी आले की रेडिओवरच्या क्रिकेटचा स्कोअर वहीत. निवृत्तीनंतर आई असेपर्यंत तिच्या शुगरचे आलेख. २०११ मध्ये आई गेली आणि वही बंद पडली होती. ती परत उघडली म्हणून मला तो रणदिवे देवासारखा वाटला.

दादाने लीग पास घेऊन दिला. तिथे संध्याकाळी सातचा सामना म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत, आणि हॉलमध्ये बाबा चहाचा कप, वही आणि चष्मा घेऊन बसलेले. सामना संपला की दादाचा फोन. आधी रविवारी दहा मिनिटं "तब्येत कशी, हवा कशी" असं व्हायचं. आता अर्धा अर्धा तास. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मी रोज घरात होते, पण माझ्याशी बाबा बोलायचे ते दूधवाला आणि लाइटबिल. :)

या दोघांनी बास्केटबॉल बघायला सुरुवात केली ती आकड्यांच्या बाजूने. दादाने त्यांना डीन ऑलिव्हरचं 'बास्केटबॉल ऑन पेपर' पाठवलं. २००४ चं पुस्तक. या ऑलिव्हरलाच किंग्जने २०१४ मध्ये नोकरीवर ठेवलं आणि वर्षभरात काढलंही. त्याचं म्हणणं मला बाबांनी समजावलं ते असं. कुणी किती गुण केले हे बघणं म्हणजे गोळीचा रंग बघणं. वेगाने खेळणाऱ्या संघाचे गुण जास्त दिसणारच. म्हणून चेंडू ताब्यात आल्याच्या दर शंभर खेपांमागे किती गुण केले आणि किती दिले ते मोजा. मग नेम किती टक्के, चेंडू किती वेळा घालवला, हुकलेला चेंडू आपणच किती वेळा परत मिळवला, फ्री थ्रो किती मिळवले. नेमाचंही साधं नाही. दहापैकी पाच दोन-गुणी टाकणारा दहा गुण करतो आणि दहापैकी चारच पण तीन-गुणी टाकणारा बारा करतो. म्हणजे जो जास्त चुकला तो जास्त उपयोगी. हे ऐकून मी पोळी लाटता लाटता थांबले होते.

रणदिव्यांनाही आकड्यांचं वेड. मुलीच्या शालेय वयातल्या संघाला शिकवताना त्यांनी पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला अडवत राहायची युक्ती वापरली होती, ती गोष्ट माल्कम ग्लॅडवेलने २००९ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये नवा खेळाडू निवडताना किंग्जने बाहेरच्या हौशी आकडेतज्ज्ञांनाही मदतीला बोलावलं. निवडला तो निक स्टाउस्कस, आठव्या क्रमांकावर. वर्षभरात त्यालाही दुसऱ्या संघाकडे दिला. थोडक्यात, आकडे भरपूर आणि संघ तळाला. बाबांना याचं काही वाटत नसे. "मीटर चांगला असला म्हणून ताप उतरत नाही," म्हणायचे.

एप्रिल २०१५ मध्ये सिम भुल्लर किंग्जकडून खेळला. सात फूट पाच इंच, कॅनडात वाढलेला पंजाबी, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. तीन सामन्यांत मिळून त्याला तीन मिनिटंही मिळाली नाहीत. दादाने फोनवर त्याचे आकडे काढायला सुरुवात केली तर बाबा भडकले. "तीन गोळ्या तपासून बॅच पास करत नाहीत आणि नापासही करत नाहीत. आधी मिनिटं बघ." हे 'आधी मिनिटं बघ' नंतर आमच्या घरात फार वेळा आलं.

बाबांचा लाडका आकडा होता प्लस-मायनस. खेळाडू मैदानावर असताना आपल्या संघाने किती केले वजा समोरच्याने किती केले. तो दहा मिनिटं खेळला, तेवढ्यात आपले चोवीस आणि त्यांचे अठरा झाले, तर त्याला अधिक सहा. त्याने स्वतः एकही गुण केला नसला तरी. ह्यूस्टनच्या शेन बॅटिएरवर मायकेल लुईसने २००९ मध्ये मोठा लेख लिहिला होता, तो बाबांनी प्रिंट काढून ठेवला होता. कागदावर या माणसाचं काहीच दिसत नाही, पण तो आत आला की संघ सुधारतो. कोबी ब्रायंटचा चेंडू अडवायला न जाता तो नुसता त्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा. बाबांना हे फार आवडलं होतं. सेवेत असताना त्यांना कधी बढती मिळाली नव्हती, तेही कारण असेल...

मग २०१९. ऑक्टोबरच्या ४ आणि ५ तारखेला किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले पहिलेच. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी होता, दुसऱ्याची तिकिटं दादाने काढली. किंमत सांगत नाही. दादा त्यासाठी आला. बाबा ८१ वर्षांचे, गुडघे गेलेले. आम्ही मुलुंडहून टॅक्सी केली. आदल्या रात्री आरेमध्ये झाडं तोडायला सुरुवात झाली होती, ड्रायव्हर सगळा रस्ता त्यावरच बोलत होता. दादा "हो का, हो का" करत होता आणि बाबा वहीत रकाने आखत होते.

आत गेल्यावर बाबांची पंचाईत झाली. टीव्हीवर रिप्ले असतो, इथे कोण कुठे पळालं ते कळायच्या आत चेंडू दुसऱ्या टोकाला. पाच-सात मिनिटं धडपडून त्यांनी रकाने सोडले आणि एकाच खेळाडूकडे बघायचं ठरवलं. आणि निवडला तो पेसर्सचा! सबोनिस. दादा म्हणाला, "बाबा, आपण किंग्जचे." बाबा म्हणाले, "हो रे, पण हा पोरगा बघ. स्वतः भिंतीसारखा उभा राहतो आणि दुसऱ्याला वाट करून देतो. याचे कागदावर काय मिळत असतील?" त्याला स्क्रीन म्हणतात आणि त्याचेही आकडे आता ठेवतात, हे दादाने सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले. किंग्ज १३०-१०६ असे सपाटून हरले. आदल्या दिवशी निदान जादा वेळेत एका गुणाने हरले होते. परत येताना बाबा टॅक्सीत झोपले. दादाने त्यांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. ती दोघांची शेवटची भेट.

पुढचं मी भराभर सांगते. लॉकडाऊन. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, घरी हॉस्पिटलचा पलंग, ब्युरोकडून मावशी, त्या नसतील तेव्हा मी. दादा येऊ शकत नव्हता. पैसे पाठवत होता, न मागता, भरपूर. मी बँकेतून व्हीआरएस घेतली. आणि जूनमध्ये दादाकडून एक्सेल आलं. खर्चाचा हिशोब. ऑपरेशन, औषधं, मावशींचा पगार, डायपर, प्रत्येक ओळीसमोर 'मी' आणि 'तू'. खाली बेरीज. दादा ७१ टक्के, मी २९. त्याचा हेतू वाईट नव्हता. पुढे जागेचं काही करायची वेळ आली तर गोंधळ नको, म्हणून केलं होतं. पण मी ते रात्री दीड वाजता बाबांची चादर बदलून आल्यावर उघडलं.

मी फोन लावला आणि जे बोलले ते इतक्या वर्षांत ऐकून ऐकून तयार झालेल्या भाषेतच बोलले. "तू नुसते गुण मोजलेस दादा. प्लस-मायनस काढ. मैदानावर कोण होतं ते बघ. मिनिटं बघ आधी."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते कच्चं प्लस-मायनस झालं. तुझ्याबरोबर मैदानावर आणखी कोण होतं तेही धरायला लागतं. मावशी होत्या. त्या कुठून आल्या?"

मी फोन ठेवला. पाच महिने आम्ही फक्त बाबांसमोर, स्पीकरवर बोललो. किंग्जबद्दल.

तो म्हणाला ते खरं होतं, हा त्यातला खरा त्रास. चांगल्या चौघांबरोबर पाचवा कुणीही खेळला तरी त्याचं प्लस-मायनस चांगलंच येतं. म्हणून बरोबरचे कोण, समोरचे कोण हे सगळं गणितात धरून एकेकाचा वाटा वेगळा काढतात, आणि त्यालाही पुरेसे सामने लागतात. शिवाय जे दोघं कायम एकत्रच खेळतात त्यांच्यातलं श्रेय कुणाचं हे ते गणितही नीट सांगू शकत नाही. बाबांनीच मला हे एकदा समजावलं होतं. तेव्हा मी बहुधा मान डोलावून डाळीला फोडणी दिली होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बाबा गेले. दादा तेराव्याला पोचला. आम्ही नीट वागलो. एक्सेलचा विषय कुणीच काढला नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज चढलेला. किंग्जने टायरिस हॅलिबर्टनला पेसर्सना देऊन टाकलं होतं. हॅलिबर्टन म्हणजे दादाचा जीव. जेमतेम दुसऱ्या वर्षाचा खेळाडू, नेम उत्तम, चेंडू घालवत नाही, सगळे आकडे त्याच्या बाजूने. "वेडे आहेत हे लोक!" मी विचारलं, बदल्यात कोण आलं? तो एकदम थांबला. मग हळूच म्हणाला, "बाबांचा सबोनिस."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. बाबांबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या मोसमात सबोनिसने लीगमध्ये सर्वांत जास्त रिबाउंड घेतले. किंग्जने ४८ सामने जिंकले, दर शंभर खेपांमागचे त्यांचे गुण एनबीएच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक होते (बॉस्टनने पुढच्याच वर्षी तो विक्रम मोडला), आणि १६ मोसमांनंतर ते प्लेऑफमध्ये पोचले. वॉरियर्सविरुद्धचा सातवा सामना आपल्याकडे १ मे २०२३ च्या रात्री एक वाजता होता. मी बाबांच्या खुर्चीत बसून पाहिला. बाबांच्या वहीत कोरी पानं उरली होती, त्यात लिहिलंही. स्टीफन करीने ५० गुण केले आणि किंग्ज १२०-१०० ने हरले. साडेतीनला दादाचा मेसेज आला, "झोप आता."

दादा अजून म्हणतो तो सौदा चुकला. २०२५ मध्ये हॅलिबर्टन पेसर्सना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला, तिथे त्याचा पाय दुखावला आणि ते हरले. दादाने मला रात्रभर आकडे पाठवले. मी म्हटलं, सबोनिस नसता तर २०२३ आलं असतं का? तो म्हणतो, एका मोसमावरून बॅच पास करू नकोस. बोलतोय आपला बाबांच्या भाषेत.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. सह्या लागणार आहेत, आणि जागेचं बोलायला लागणार आहे. दादा डिसेंबरात येतोय. परवा मी ते जुनं एक्सेल उघडलं, पहिल्यांदाच दिवसाच्या उजेडात. 'मी' आणि 'तू'च्या शेजारी एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, 'मिनिटं'. बाबांच्या वह्या बघून तो भरता येईल असं वाटलं होतं. ते तारीख-वेळ घालून सगळं लिहायचे, पलंगावर असतानासुद्धा. सगळ्या वह्या काढून बसले. फेब्रुवारी ते नोव्हेंबर एकूण एक पान वाचलं. त्यात फक्त किंग्ज आहेत.

रकाना तसाच ठेवलाय.