बाकावरची दुसरी जागा

बास्केटबॉलच्या मैदानाकडेला असलेल्या बाकावर राखीव खेळाडूंबरोबर मुख्य प्रशिक्षक आणि त्याचा पहिला सहायक बसतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या दोघांपैकी एका वेळी एकालाच उभे राहता येते, परंतु ‘टाइम-आउट’, म्हणजे खेळ थांबवून संघाशी बोलण्यासाठी मिळणारे एक मिनिट, मागण्याचा अधिकार दोघांनाही असतो आणि मुख्य प्रशिक्षकाला बाहेर जावे लागले तर त्याचे काम सहायकाकडे येते. या खेळातील स्त्रीच्या कारकिर्दीचा माग काढायचा तर मुख्य प्रशिक्षकापेक्षा या दुसऱ्या जागेकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

वाराणसीच्या दिव्या सिंग यांनी २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. पुढे त्यांनी अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन हा विषय अभ्यासला. संघाचा पैसा, करार, प्रवास, मैदान आणि प्रेक्षक यांची जुळणी करणारे हे शास्त्र असून, आपल्याकडे ते काम आजही बहुधा एखादा उत्साही सचिव फावल्या वेळात उरकतो. परतल्यावर त्यांनी मुलींच्या संघांना शिकवले, ही वाट अपेक्षितच होती. अनपेक्षित घडले ते गोव्यात. पोर्तुगीज भाषेशी वा इतिहासाशी नाते असलेल्या देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा जानेवारी २०१४मध्ये तेथे झाल्या, तेव्हा भारतीय पुरुष संघाच्या सहायक प्रशिक्षकांत दिव्या सिंग होत्या आणि त्याच वर्षीच्या इंचॉन आशियाई स्पर्धेतही त्यांच्याकडे हीच जबाबदारी होती.

अमेरिकेच्या एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधील सॅन अँटोनियो स्पर्स संघाने बेकी हॅमन यांना पूर्णवेळ पगारी सहायक नेमले, तो महिना ऑगस्ट २०१४ होता. दोन्ही स्पर्धांचा दर्जा आणि दोन्हींतला पैसा यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य करूनही गोव्याचा जानेवारी त्या ऑगस्टच्या आधी येतो, एवढी नोंद करणे भाग आहे. त्यानंतरचे अंतर मात्र झपाट्याने वाढले: ३० डिसेंबर २०२० रोजी मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांना पंचांनी बाहेर काढल्यावर हॅमन यांनी सामन्याची सूत्रे हाती घेतली आणि २०२२मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली लास वेगास एसेस या महिला संघाने डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिला लीगचे विजेतेपद मिळवले. मागे भक्कम लीग असेल तर सहायकाला पुढची पायरी सापडते. भारतात प्रश्न गुणवत्तेपेक्षा या पायऱ्यांचा अधिक आहे.

वस्तुतः महिलांच्या बास्केटबॉलचा आरंभच एका प्रशिक्षिकेपासून झाला. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये हा खेळ रचल्यावर काही महिन्यांतच सेंडा बेरेन्सन यांनी अमेरिकेतील स्मिथ कॉलेजच्या मुलींना तो शिकवला. मैदानाचे तीन भाग पाडून आणि चेंडू हिसकावण्यास मनाई करून त्यांनी केलेले नियम आज फारच सोवळे वाटतात, पण मुलींना खेळू देण्याची किंमत म्हणून ते त्या काळी चालले.

भारतातील पायऱ्यांच्या प्रश्नाकडे परत यायचे तर पुण्याचे उदाहरण घेता येईल. पुण्याने शिरीन लिमये यांच्या रूपाने भारतीय महिला संघाला कर्णधार दिली. २०१५मध्ये भारतात सुरू झालेल्या यूबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ हा व्यावसायिक संघही होता, परंतु ती लीग पुरुषांची होती आणि पुढे बंद पडली. स्त्री खेळाडूचा खरा आधार रेल्वेसारख्या आस्थापनेतील नोकरीच राहिला. त्यामुळे प्रशिक्षणाकडे वळणाऱ्या तरुणीला काम मिळते ते शाळेत, खासगी वर्गात किंवा २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीसारख्या उपनगरातील गृहसंकुलाच्या अर्ध्या मैदानावर, जेथे मैदानाची वेळ ठरवणे, शुल्क गोळा करणे आणि पालकांची समजूत काढणे हेच तिचे व्यवस्थापनाचे पहिले शिक्षण असते. अशा वर्गात लहान मुले आणि मुली तिच्याकडे सहज सोपवल्या जातात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलग्यांची तुकडी मात्र बहुधा पुरुष प्रशिक्षकाकडे जाते, आणि या वाटणीला खेळाच्या नियमपुस्तकात कोठेही आधार नाही.