वीस अंश म्हणजे वीस अंश

पोलाद ओळखायला मला आबांनी शिकवलं. मी बदनापूरचा, नोकरी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत. आबा तिथे क्वालिटीला होते. ना नात्याचे, ना गावचे; पण हाताशी धरलं ते कायमचं.

आमच्याकडे युरोपच्या गिऱ्हाइकासाठी व्हॉल्व्हच्या बॉडी ओतल्या जात. ड्रॉइंगवर मटेरियल मात्र अमेरिकन : एएसटीएम ए२१६, ग्रेड डब्ल्यूसीबी. आबा म्हणायचे, "मानक अमेरिकेचं, कायदा युरोपचा आणि धातू आपला. तिघांचं जुळवायचं, ते आपलं काम."

अर्ध्या बारपेक्षा जास्त दाबाच्या उपकरणांना युरोपात २०१४/६८ हा निर्देश लागू आहे. त्याआधी १९९७चा होता. मटेरियलला त्यात तीन वाटा आहेत. ते युरोपच्या सुसंगत मानकातलं असावं, त्याला युरोपीय मान्यता असावी, नाहीतर त्याचं स्वतंत्र मूल्यांकन व्हावं. या तिसऱ्या वाटेला पीएमए म्हणतात. आमचा माल तिथूनच जाई. मूल्यांकन व्हॉल्व्ह बनवणारा करतो, जोखमीच्या वरच्या दोन वर्गांत नोटिफाइड बॉडी, म्हणजे अधिकृत त्रयस्थ संस्था, ते तपासते. पण त्यासाठी आकडे ओतणाऱ्यानेच द्यायचे.

मेख तिथेच होती. डब्ल्यूसीबीला इम्पॅक्ट टेस्ट एरवी सक्तीची नाही, कार्बन ०.३० टक्क्यांपर्यंत चालतो. निर्देशाला मात्र चिवटपणाचा पुरावा लागतो : तुटेपर्यंत किमान १४ टक्के लांबी वाढावी आणि इम्पॅक्टला किमान २७ जूल यावेत, तेही जास्तीत जास्त २० अंशांवर, उपकरण त्याहून थंडीत चालणार असेल तर त्या तापमानाला. आबांनी तोडगा त्या अमेरिकन मानकातच दाखवला. कार्बन मर्यादेच्या जितका खाली आणाल, त्या प्रमाणात मँगनीज ठरावीक हद्दीपर्यंत वाढवायची मुभा त्यात आहे. कार्बन उतरवा, मँगनीज चढवा, नॉर्मलायझिंगची हीट ट्रीटमेंट चोख करा. दोन्हीकडचे नियम सांभाळले जातात.

मे महिन्यात आमची टेस्ट रूम ४२ अंशांना तापायची. गरम पोलाद जूल जास्त दाखवतं. तसाच नमुना तोडला तर आकडा सहज बसला असता. आबा मला नाक्यावरच्या रसवंतीवर बर्फ आणायला पिटाळत. "वीस अंश म्हणजे वीस अंश!" थर्मामीटर विसावर आला की नमुने पाण्यात ठेवायचे, चिमट्याने उचलून पाच सेकंदांच्या आत हातोडा सोडायचा. दहा बाय दहाचा तुकडा, मधे दोन मिलिमीटर खोल व्ही खाच. तुटला की काट्याकडे बघण्याआधी आबा तुकडा हातात घेत. चकचकीत दाणे दिसले तर ठिसूळ. करडं, तंतुमय दिसलं तर चिवट. आकडा मग लिहायचा.

एकदा एका हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे, नमुने बसले नाहीत. गाडी गेटवर उभी, वरून फोनवर फोन. मालासोबत जाणाऱ्या ईएन १०२०४च्या ३.१ तपासणी दाखल्यावर सही करणारा उत्पादन खात्याच्या हाताखालचा नसावा, अशी अटच आहे. आबा त्या अटीला जागले. बॉडी पुन्हा हीट ट्रीटमेंटला गेल्या, नमुने पुन्हा तोडले, बसले, तेव्हाच सही झाली. मला म्हणाले, "जालन्याच्या बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो, तसा हा हीट नंबर. पेरलेलं उगवलं नाही तर शेतकरी त्या नंबरावरूनच दार ठोठावतो. इथे उगवण्याचा नाही, फुटण्याचा प्रश्न आहे."

आबा निवृत्त झाले, दाखल्यावर आता माझी सही असते. हीट नंबर ताडून पाहिल्याशिवाय आणि टेस्टला स्वतः उभं राहिल्याशिवाय ती होत नाही. परक्या मुलखात वाफेच्या लाइनवर, त्या व्हॉल्व्हच्या शेजारी कोणी कामगार निर्धास्त उभा असेल. आपल्यावर आबांचे उपकार आहेत, हे त्याला कधी कळायचं नाही. मला ते ठाऊक आहेत, म्हणून त्याच्याही वतीने इथे लिहून ठेवतो.