दोन दिवस गुऱ्हाळावर

आमच्या लहानपणी 'हवापालट' असा एक शब्द घराघरांत होता. टायफॉइडमधून उठलेल्या किंवा घरात काही दुःखद घडलेल्या माणसाला वडीलधारे हवापालट सांगत. मग तो माणूस आंबोलीला नाहीतर एखाद्या नातेवाइकाच्या मळ्यावर आठपंधरा दिवस जाऊन राही. तिथं त्याच्यासाठी खास असं काही केलं जात नसे. घरातली माणसं आपापल्या कामाला लागत, आणि हा पाहुणा विहिरीच्या काठावर बसून मोटेचं पाणी बघत राही. परत येई तेव्हा अंगावर थोडं मांस आणि चेहऱ्यावर थोडा उजेड दिसे.

आता हा शब्द गेला. त्याच्या जागी 'वीकएंड' आला. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना विश्रांतीची दुकानं लागली आहेत. शनिवारी दुपारी खोलीचा ताबा घ्यायचा आणि रविवारी सकाळी ती रिकामी करायची. त्या मधल्या वेळात पोहायचं, झोपाळ्यावर बसायचं, ठरल्या वेळेला नाश्ता करायचा आणि 'मजा आली' असं एकमेकांना सांगायचं. मुलांच्या आग्रहाखातर मी अशा दोन ठिकाणी जाऊन आलो आहे. जागा स्वच्छ होत्या, माणसं अदबीची होती. घरी आल्यावर मात्र एक दिवस रजा काढावीशी वाटली.

म्हणूनच यंदाच्या जानेवारीत सावकाराचा फोन आला तेव्हा बरं वाटलं. "गुऱ्हाळ लावलंय. शनिवारी या, रविवारी रात्री सोडतो. आणि मॅनेजरला घेऊन यायचं. त्यो येत नसला तर तुम्हीबी येऊ नका."

सावकार, मॅनेजर, वकील, डॉक्टर आणि मी. बेळगावात कॉलेजात असताना टिळकवाडीतल्या एका खोलीत आम्ही पाचजण राहिलो. सावकाराच्या घरून जोंधळा आणि गूळ यायचा म्हणून त्याचं नाव सावकार पडलं, ते पंचेचाळीस वर्षं टिकलं. वकिलाच्या घरात कन्नड. आमच्यात आला की मराठी. भांडायला लागला की पुन्हा कन्नड. मॅनेजर बँकेत लागला आणि त्याची सारी नोकरी धारवाड, गदग, विजापूर, रायचूर अशी झाली. मराठी घरात वाढलेला हा माणूस हिशेब कन्नडात करू लागला.

गेल्या वर्षी आषाढात मॅनेजरची बायको गेली. वहिनी फार मोठ्या आजारी नव्हत्या, त्यामुळे कुणाचीच तयारी नव्हती. त्यानंतर सहा महिने तो घराबाहेर पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. आम्ही जात होतो. तो चहा करून देई, क्रिकेटवर बोले, गुडघ्यांवर बोले. त्या एका गोष्टीवर ना तो बोले, ना आम्ही. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीला कशाचाही संकोच नसतो असं म्हणतात. पण आम्ही त्याच्यासमोर काचेच्या भांड्यांच्या दुकानात फिरावं तसे वावरत होतो.

तो आला. का आला ते आम्ही विचारलं नाही.

वंटमुरीचा घाट उतरून संकेश्वर गाठायला तासभर लागतो. तिथून गडहिंग्लजच्या रस्त्याला वळलं की थोड्याच वेळात डावीउजवीकडे उसाशिवाय काही दिसत नाही. ही सगळी हिरण्यकेशीची कृपा. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून ती आजरा, गडहिंग्लज करत आपल्या जिल्ह्यात येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. सावकाराचा मळा तिच्या काठापासून दोन शेतं आत. गाडीतून उतरायच्या आधीच वास आला. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडाचा आणि ओल्या मातीचा मिळून असा एक वास असतो, की ज्यानं तो लहानपणी घेतला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगता येत नाही.

गुऱ्हाळाचा कारभार बाहेरून दिसायला साधा. एका बाजूला घाणा. पूर्वी तो बैलांवर फिरे, आता मोटारीवर. रस गाळून काहिलीत येतो. काहील म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी रुंद लोखंडी कढई. तिच्याखाली जमिनीत खोदलेलं चुलवाण. त्यात लाकूडफाटा लागत नाही. पिळून निघालेली चिपाडंच दोनतीन दिवस उन्हात वाळवून जाळायची. उसानं आपलाच रस आपल्याच अंगावर आटवायचा, असा हा हिशेब. रस तापू लागला की रानभेंडीचं चिकट पाणी आणि बेतानं चुना घालतात. मग सगळा मळ वर येतो आणि तो मोठ्या झाऱ्यानं काढत राहावं लागतं. एका आदणाला अडीच-तीन तास जातात. शेवटच्या अर्ध्या तासात काहिलीचा रंग आणि आवाज मिनिटामिनिटाला बदलतो. बुडबुडे आधी फुलासारखे हलके येतात, मग जड होतात, मग फुटताना 'फट्‌ फट्‌' असा आवाज करतात. त्या वेळी काहील उतरवायची आणि सारा पाक वाफ्यात ओतायचा. पुस्तकात याचं तापमान दिलेलं असतं: काकवीला १०५-१०६ अंश सेल्सियस, ढेपेच्या गुळाला ११८ च्या आसपास. सावकाराच्या गुऱ्हाळावर तापमापक नाही. तिथं अज्जा आहे.

अज्जा म्हणजे गुळव्या. पंचाहत्तरीच्या घरातला, हुक्केरीकडचा कन्नड माणूस. मराठी कळतं, बोलतो मात्र मनाला येईल तेव्हा. तो काहिलीजवळ उकिडवा बसतो आणि पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटांनी त्याची गोळी करतो. गोळी वाटीच्या काठावर मारून आवाज ऐकतो. चुलवाणात जाळ घालणारा पोरगा मराठी, त्याला हुकूम कन्नडातून. "उरि कम्मि माडो!" असं अज्जा ओरडला की पोरगा चिपाडं मागे ओढतो. "साकु!" म्हटलं की हात थांबवतो. मराठीतला घाणा आणि कन्नडातला 'गाण' यांत जेवढं अंतर, तेवढंच त्या दोघांत.

डॉक्टरनं सवयीप्रमाणं चौकशी केली. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहीजण गंधकाची पावडर घालतात, ती इथं घालतात का? अज्जानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सावकारच हसून म्हणाला, "घातली असती तर चार पैसे जास्त मिळाले असते. बाजारात गिऱ्हाईक रंग बघतंय. आमचा गूळ काळपट, त्यो घरातल्या माणसांनाच आवडतोय."

त्याचा हिशेब तसा सरळ आहे. शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो गूळ पडतो. ऊस कारखान्याला घातला की तोडणी-वाहतुकीसकट जबाबदारी संपते. गुऱ्हाळाला माणसं लागतात, ती मिळत नाहीत. गूळ तयार झाला तर भावाचा भरवसा नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली आणि तिथली गुळाची पेठ देशभर गाजली. 'कोल्हापूर गूळ' हे नाव २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनातही नोंदलं गेलं. सावकाराचा मळा त्या नावापासून थोडासाच अलीकडे पडतो. त्याचा गूळ कधी संकेश्वरला जातो, कधी महालिंगपूरला. "नदी तीच, ऊस तोच," एवढंच तो म्हणाला. पुण्याला असलेला त्याचा मुलगा दरवर्षी संगणकावर आकडे मांडून पाठवतो. आकडे दरवर्षी एकच सांगतात, की हे बंद करा. "आणि खरं सांगू? त्याचं चुकत न्हाई," सावकार म्हणाला. अज्जा गेला की दुसरा गुळव्या पंचक्रोशीत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या पट्ट्यात हंगामात रात्री चहूकडे चुलवाणं दिसत. त्या रात्री नजर पोचेल तिथवर हे एकच होतं.

आम्हाला तिथं कुणी करमणूक दिली नाही. दुपारी भाकरी, भरलं वांगं, ठेचा आणि वाटीभर गरम काकवी. सावकाराच्या सौभाग्यवतींचं माहेर गोकाककडचं. त्या वाढताना मराठी आणि आत जाऊन सुनेशी कन्नड बोलत होत्या. मग डॉक्टर चिंचेखाली घोरू लागला. वकील आणि मी नदीपर्यंत जाऊन आलो. काहिलीच्या रसात फडक्यात बांधून सोडलेली रताळी वर आली, ती खाल्ली. चार वाजले की पाच, हे कुणी पाहिलं नाही. वेळ आदणावर मोजला जात होता. "दुसरं आदण उतरलं, आता चहा" असा हिशेब.

दुसऱ्या आदणाच्या वेळी मॅनेजर काहिलीपाशी जाऊन उभा राहिला. जाळ घालणाऱ्या पोराला जेवायला जायचं होतं आणि मळी काढणारा माणूस त्याच्या जागी गेला. अज्जानं इकडंतिकडं पाहिलं आणि झारा सरळ मॅनेजरच्या हातात दिला. या शहरी साहेबाला जमेल का, तो कोण, त्याचं काय झालं आहे, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. मळी वर आली होती आणि एक हात रिकामा होता, एवढंच त्यानं पाहिलं. मॅनेजरनं बुशकोटाच्या बाह्या दुमडल्या.

तिसरं आदण रात्री आठाला चढलं. आम्ही चुलवाणाच्या उबेला पोती टाकून बसलो होतो. वरती थंडी, समोर धग. मॅनेजर अजून झाऱ्यावरच होता. अज्जा आणि तो कन्नडात बोलत होते. उसाच्या जातीवर, रायचूरच्या उन्हावर, बँकेच्या कर्जावर. आम्हा सगळ्यांना कन्नड कळतं, त्यामुळे ऐकायचा प्रयत्न करावा लागत नव्हता. मधेच अज्जानं सहज विचारलं, "मन्याग यार अदारि?" घरी कोण कोण असतं?

आमच्या पोत्यांवरचं बोलणं थांबलं. हाच तो प्रश्न, ज्याच्या अवतीभवती आम्ही सहा महिने फिरत होतो.

मॅनेजरनं मळीचा झारा बाजूला झटकला आणि म्हणाला, "यारू इल्ल."

कुणी नाही. मग तो थांबला नाही. वहिनी कधी गेल्या, सकाळी किती वाजता, आदल्या रात्री काय बोलणं झालं होतं, मुलगी परदेशातून दोन दिवसांनी पोचली ती कशी, हे सगळं तो सांगत गेला. साध्या, बँकेत खातेदाराशी बोलावं तशा कन्नडात. यातलं निम्मंअधिक आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला. आपण दोन भाषांच्या जिल्ह्यातली माणसं. एक भाषा घराची, एक बाजाराची, असं आपण म्हणतो आणि बाजाराची भाषा थोडी हलकी मानतो. पण घराच्या भाषेत प्रत्येक शब्दाला घरच्या माणसांचे हात लागलेले असतात. 'ती गेली' हे मॅनेजर मराठीत म्हणाला असता तर त्या 'ती'मध्ये त्यांच्या संसाराची सारी वर्षं आली असती, आणि शब्द घशातच राहिला असता. नोकरीनं दिलेल्या भाषेत तेवढं ओझं नव्हतं. जे दुःख आईच्या भाषेत उचलत नव्हतं, ते त्यानं शेजारच्या भाषेत घालून बाहेर काढलं.

अज्जानं सांत्वन केलं नाही. "नंदू हंगऽ," एवढंच म्हणाला. माझंही तसंच. किती वर्षं झाली ते त्यानं सांगितलं नाही. पाण्यात थेंब टाकला, गोळी केली, वाटीवर वाजवून पाहिली आणि पोरावर ओरडला, "उरि कम्मि माडो!" चौघांनी मिळून काहील उतरवली. मॅनेजरचा एक हात तिला होता.

त्या रात्री तो चिपाडाच्या गंजीला टेकून बसला आणि तिथंच झोपला. सावकारानं त्याच्यावर घोंगडं टाकलं. डॉक्टर म्हणाला, "उठवू नका." सकाळी ऊन अंगावर आल्यावर तो उठला आणि त्यानं आधी विचारलं ते, चौथं आदण चढलं का.

रविवारी आम्ही वाफ्यातला गूळ ओल्या फडक्यांतून ढेपांत भरायला मदत केली. मदत म्हणजे थोडी लुडबुडच. निघताना सावकारानं प्रत्येकाच्या गाडीत एकेक ढेप टाकली. तीनच दिवसांवर संक्रांत होती. दरवर्षी तिळगुळाच्या वड्यांचे डबे आम्हा चौघांच्या घरी वहिनींकडून यायचे. तो विषय गाडीत निघाला नाही.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी दारात मॅनेजर. हातात तोच स्टीलचा डबा. "वड्या मी केल्यात. पाक पुढं गेला. अज्जा असता तर शिव्या घातल्या असत्यान." वडी दातांनी तुटेना. शेवटी बायकोनं अडकित्ता आणला आणि आम्ही तिघांनी तिचे तुकडे करून खाल्ले. गूळ काळपटच होता, चवीला उत्तम.

मॅनेजर आता हसतो, फिरायला येतो, वहिनींचं नावही घेतो. कधी मराठीत, कधी कन्नडात. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. सावकाराचंही अजून ठरलेलं नाही. अज्जाच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मुलाचे नवे आकडे पुण्याहून आले आहेत, आणि कारखान्याचा माणूस उसाची नोंद करून घ्यायला दोनदा येऊन गेला आहे. पण परवा फोनवर बोलताना सावकार सांगत होता, की गेल्या हंगामातली उरलेली चिपाडाची गंजी त्यानं पावसाआधी प्लास्टिकनं नीट झाकून ठेवली होती. आत एक थेंब गेलेला नाही. जाळायचीच नव्हती, तर त्यानं ती झाकली कशाला?