हल्याळच्या रानातली तिरकी शिवण

मुलांनो, एक चौकोनी रुमाल घ्या. आधी कडांना धरून सरळ ओढा. फारसा लांबत नाही ना? आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. बघा, कसा लांबला! या एवढ्याशा गोष्टीनं माझ्या आजीची लुगडी वाया जायची वेळ आली होती. आणि त्यावरचा उपाय मला सापडला तो थेट हल्याळच्या रानात!

त्याचं झालं असं. आजी गेल्यावर तिची दोन जुनी इरकली लुगडी माझ्या वाट्याला आली. एक निळं, एक डाळिंबी. मनात आलं, यांची वाकळ शिवावी. आमच्या बेळगावकडे गोधडीला वाकळ म्हणतात बरं का! अर्धा निळा, अर्धा डाळिंबी त्रिकोण जोडून एकेक चौकोन करायचा, असा बेत केला. मोठ्या उत्साहानं चौकोन कापले, ते तिरके कापून त्रिकोण केले आणि मशीनवर बसले. पण छे! एक चौकोन पतंगासारखा लांबला. दुसऱ्याला झोळ आला. तिसऱ्याचा कोपरा मशीननं गिळलाच. असे बारा चौकोन बिघडले. दुकानातलं कापड असतं तर पुन्हा आणलं असतं. आजीचं लुगडं कुठून आणणार? मी कात्री पेटीत ठेवून दिली.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत एका मैत्रिणीबरोबर तिच्या माहेरी, हल्याळला गेले. हे गाव कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. बेळगावहून खानापूर, अळणावर करत आम्ही तिथं पोचलो. गाव मागे पडलं की साग आणि बांबूचं रान लागतं. त्या रानातल्या एका सिद्दी वस्तीवर मैत्रीण मला घेऊन गेली.

सिद्दी म्हटलं की तुम्हांला इतिहासातला जंजिऱ्याचा सिद्दी आठवेल. त्याचे पूर्वजही आफ्रिकेतले आणि या लोकांचेही. पण यांची कहाणी वेगळी आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. पुढच्या काळात त्यांनी आफ्रिकेतून कितीतरी माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांतली काही निसटून घाटावरच्या या रानात येऊन राहिली. आज त्यांचे वंशज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात राहतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिश्चन. २००३ साली इथल्या सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळालं.

एका घराच्या पडवीत एक आजी वाकळ शिवत बसल्या होत्या. ते लोक तिला 'कवंदी' म्हणतात. खाली जुनी साडी अंथरलेली, भोवती रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग. ना पट्टी, ना खडू! आपण सहसा तुकडे आधी जोडतो आणि मग अस्तर लावतो. या आजी थेट अस्तरावरच कडेपासून शिवत होत्या. तुकड्याची कड आत दुमडायची, तो मांडायचा आणि वर धावदोरा घालायचा. असं गोल गोल फिरत मध्यावर जायचं. मध्य भरला की कवंदी संपली!

चारी कोपऱ्यांना मात्र छोटे त्रिकोण लावलेले होते. त्यांना म्हणतात 'फुलं'. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते, असं तिथल्या बायका मानतात. त्या त्रिकोणांच्या कडा अगदी नीट होत्या. मी माझी फजिती सांगितली आणि विचारलं, "आजी, तुमचा त्रिकोण लांबत कसा नाही?"

त्या हसल्या. एक चौकोनी चिंधी उचलून त्यांनी ती कोनाकोनी दुमडली आणि पुन्हा एकदा दुमडली. झाला त्रिकोण! म्हणाल्या, "कापतेस कशाला गो बाय? घडी घाल."

मी त्रिकोण हातात घेऊन निरखला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला! कापडात धागे उभे आणि आडवे असतात. त्या दिशांना ओढलं तर धागा ताण सोसतो. तिरक्या दिशेला मात्र धागाच नसतो! म्हणून कापड तिकडे लांबतं. शिंपी याला 'उरेब' म्हणतात. आजींच्या फुलाच्या दोन्ही तिरक्या बाजू घडीच्या होत्या. कापलेली कड एकच, आणि ती सरळ धाग्याची! मी मात्र आधी तिरकं कापून कापड मोकळं सोडलं होतं आणि मग शिवायला बसले होते.

घरी आल्यावर मी क्रमच उलटा केला. आधी शिवायचं, मग कापायचं. पाच इंचांचा एक निळा आणि एक डाळिंबी चौकोन घेतला. दोघांच्या सुलट बाजू आत ठेवून ते एकावर एक ठेवले. वरच्या कापडावर खडूनं कर्ण आखला. कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंच अंतरावर टीप मारली. सुरुवातीला सुईखाली एक चिंधी धरली आणि तिच्यावरून तशीच पुढे टीप नेली, म्हणजे मशीन कोपरा गिळत नाही. मग खडूच्या रेषेवर कापलं. उलगडले तर काय, दोन दुरंगी चौकोन तयार! इस्त्री वरून दाबली, फिरवली नाही. फिरवली तर उरेब पुन्हा लांबतो. शेवटी चौकोन साडेचार इंचांचे छाटले. शिवणीत चारी बाजूंना पाव पाव इंच माया गेली की राहतात बरोबर चार इंच.

एकही चौकोन बिघडला नाही!

आणि ते आधीचे बारा? ते टाकून दिले नाहीत. उसवले, त्यांतून जमतील तसे छोटे चौकोन काढले, दोनदा दुमडले आणि वाकळीच्या चार कोपऱ्यांना फुलं लावली. आता थंडीत माझी लेक तीच वाकळ पांघरते. झोपताना एक फूल मुठीत धरते.

तुम्हीही घरातल्या जुन्या कपड्यांतून दोन चौकोन मागून घ्या आणि आईबाबांना किंवा आजीला सोबत घेऊन करून पाहा. पण लक्षात ठेवा हं, आधी टीप, मग कात्री!