मींड कुठून काढायची?

पेटी असो की सिंथेसायझर, पट्टी दाबली की सूर लागतो. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं म्हटलं की पट्ट्या हात टेकतात. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, त्यामागे हेही एक कारण होतं. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं.

आम्ही मिरजेचे. इथे सतारी घडतात. तार बाजूला ओढली की मींड निघते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. आमची लेक दोन वर्षं पेटी शिकली आणि कंटाळली. आलाप तुटतो, म्हणून वाजवणंच सोडते म्हणाली. तेव्हा भिशीचे पैसे सिंथेसायझरला लावायचे ठरले. तिच्या दादाअब्बांचा एकच सवाल, "मींड निकलती क्या उसमें?"

निघते, पण पट्ट्यांतून नाही. उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि सूर वाकवायचं काम डाव्या हाताचं. दुकानदार आवाज किती, ताल किती हे भरभरून सांगतो. डाव्या हाताखाली काय आहे, ते आपणच विचारावं लागतं.

आमच्या ऐपतीत दोन प्रकार होते. एकावर दोन चाकं. पहिलं सूर वरखाली करतं आणि सोडलं की स्प्रिंगने मध्यावर परततं; दुसरं कंप वाढवतं आणि ठेवाल तिथे थांबतं. दुसऱ्या प्रकारावर जॉयस्टिक, कोर्गच्या बऱ्याच वाद्यांवर असते तशी. आडवी हलवली की सूर वाकतो, पुढे ढकलली की कंप. एका बोटात दोन्ही कामं, म्हणून दुकानात तीच भारी वाटते. लेकीने तासभर दोन्ही वाजवून पाहिली. कंप देताना दांडी जराशी तिरकी झाली की सूर हलायचा. गिटारसारखे झटके द्यायचे तर जॉयस्टिक उत्तम. गझलेच्या संथ चालीला चाकच बरं, असं आमचं मत पडलं.

चाकाची धाव बहुतेक वाद्यांत सुरुवातीला दोनच पट्ट्यांची असते, काळ्या-पांढऱ्या मिळून. षड्जापासून शुद्ध गंधार चार पट्ट्या दूर. धाव बारापर्यंत वाढवता येते, पण मग बोट जरा थरथरलं की सूर भलतीकडे. आम्ही चारवर ठेवली. युक्ती अशी, की चाक आधी पूर्ण खाली ओढायचं, गंधाराची पट्टी दाबायची आणि चाक हळूहळू सोडायचं. सूर षड्जावर उगवतो आणि स्प्रिंग त्याला नेमका गंधारावर आणून पोहोचवते. चाक वर ढकलत मधल्याच एखाद्या सुरावर थांबायचं, तर सगळा भरवसा कानावर.

एक उणीव उरतेच. चाक फिरवलं की दाबलेले सगळे सूर एकदम वाकतात. ए. आर. रहमान यांनी 'दिल्ली ६'मधल्या 'रेहना तू'च्या शेवटी कंटिन्युअम वाजवलं आहे. त्यात पट्ट्याच नाहीत. मऊ पृष्ठभागावर बोट सरकवायचं, आणि प्रत्येक बोटाचा सूर आपापल्या वाटेने जातो. लेकीने ते पाहून आमच्याकडे पाहिलं. तेवढ्या भिश्या लागायला आमचा जन्म पुरायचा नाही.

सध्या मगरिबनंतर अर्धा तास तिचा डावा हातच शिकतो आहे. चाक ओढणं सोपं, सोडणं अवघड. स्प्रिंगला फार घाई असते.